काटा थंड, गाडी गरम

आमच्या पद्मिनीचा तापमानाचा काटा एकोणीस वर्षं थंड होता. मे महिन्यात बारामतीचा पारा चाळिशी ओलांडतो, डांबर चपलेला चिकटतं, कुत्री रसवंतीच्या बाकड्याखाली जाऊन पडतात. पण आमचा काटा समाधी लागल्यासारखा डाव्या कोपऱ्याला टेकून बसलेला असायचा. "तुमची गाडी तापत नाही का हो?" असं कुणी विचारलं की आप्पा, म्हणजे आमचे वडील, अभिमानानं त्या काट्याकडं बोट दाखवायचे. काटा बंद पडलेला होता हे आप्पांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि गाडीला तर होतंच. पण घरातल्या कर्त्या माणसाचा रक्तदाब जसा कुणी मुद्दाम मोजायला जात नाही, तसं आम्ही त्या काट्याचं कधी मनावर घेतलं नाही. मोजलं की वाढतो, हा आमच्या घराण्याचा वैद्यकीय सिद्धांत आहे.

गाडी मात्र खानदानी. १९४४ साली वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. सोलापूरचा हा माणूस. त्यानं समुद्रात जहाजं घातली, बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, रस्त्यावर मोटार आणली. आणि या सगळ्या गडबडीत इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर साखर कारखाना उभा करून वालचंदनगर वसवलं. प्रीमियरची जी गाडी आधी फियाट म्हणून धावत होती, तीच सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. म्हणजे जन्म कुर्ल्याचा असला, तरी आजोळ आमच्याकडचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा आप्पांनी ती बातमी मोठ्यानं वाचली, अंगणात गेले आणि आमच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून दोन मिनिटं उभे राहिले. "आता तूच," एवढंच म्हणाले. दर पाच वर्षांनी तिला आरटीओत नेऊन आयुष्य वाढवून आणायचं, हा आमच्याकडं कुलाचार आहे. रेडिएटरचं झाकण उघडून पाणी बघायचं, हा मात्र कधीच नव्हता.

इंजिन का तापतं, हे आमच्या मिस्त्रींनी मला एकदा फार सोपं करून सांगितलं होतं. पेट्रोल जळून जी उष्णता होते तिची वाटणी तीन भावांत झाल्यासारखी असते. ढोबळ एक हिस्सा चाकाला, एक हिस्सा सायलेन्सरातून धुराबरोबर बाहेर, आणि एक हिस्सा पाण्याच्या डोक्यावर. पहिला भाऊ राबतो, दुसरा फुंकून टाकतो, आणि तिसरा घरातला सगळा ताप उचलून रेडिएटरपर्यंत नेतो, वाऱ्यावर सोडतो आणि परत नवा ताप आणायला येतो. दिवसभर त्याच्या या खेपा. तो धड असला तर इंजिन ८० ते ९० अंशांत सुखानं नांदतं. पण धड असलेल्या भावाची चौकशी कोण करतो? तो ओरडला की मग सगळे पळत येतात.

आमचा तिसरा भाऊ ओरडला तो मार्चच्या पहिल्या आठवड्यात, जंक्शनला.

मेहुण्यांच्या मुलीचा इंदापुरात साखरपुडा होता. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा असे पाच-पाच सहकारी साखर कारखाने ज्या दोन तालुक्यांत धूर काढतात, तिथं साखरपुडा म्हणजे घरचंच कार्य. बारामती ते इंदापूर पन्नासेक किलोमीटर. मुहूर्त साडेबाराचा. निघायच्या आधी घरात कडेकोट तपासणी झाली. सौ.नं दागिने मोजले, आत्यानं नारळ मोजले, आप्पांनी टोपीची इस्त्री बघितली. गाडी फडक्यानं पुसली, काचा पुसल्या, डॅशबोर्डवरच्या गणपतीलाही पुसलं. बॉनेट तेवढं कुणी उघडलं नाही.

"डिकीत पाण्याचा डबा आहे ना?" आप्पांनी विचारलं.

आहे म्हटल्यावर ते निर्धास्त झाले. पाच लिटरचा गोडेतेलाचा तो डबा म्हणजे आमच्या गाडीची एकमेव शीतकरण व्यवस्था. तापू नये म्हणून काही करायचं नाही. तापल्यावर ओतायला पाणी मात्र बरोबर घ्यायचं. घराला आग लागू नये म्हणून चूल विझवण्यापेक्षा उशाशी बादली घेऊन झोपण्याची ही पद्धत.

गाडीचं तोंडही आम्ही मोठ्या हौसेनं सजवलेलं होतं. मोटारीच्या पुढं जी जाळी असते ती वारा आत जावा म्हणून असते, हे मला आता माहीत आहे. त्या दिवशी तिथं दसऱ्याचा वाळलेला झेंडूचा हार होता, लिंबू-मिरची होती, पिवळ्या काचेचे दोन दिवे होते आणि मधोमध 'आई-वडिलांचा आशीर्वाद' अशी फूटभर पाटी होती. त्या आशीर्वादाच्या मागं रेडिएटर गुदमरत होता.

काटेवाडीपर्यंत सगळं छान. काटेवाडीच्या पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला. दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर, दोन्ही बाजूंना वाढे लोंबताहेत आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर दोन भोंगे. रस्ता पालखी मार्ग म्हणून मोठा केलाय, पण या मंडळींना मोठ्या रस्त्याचा उपयोग वेगळाच सुचलाय. एका ट्रॅक्टरला दुसऱ्याच्या पुढं जायचं असतं. पहिल्याचा वेग ताशी चौदा, दुसऱ्याचा पंधरा. ही शर्यत भवानीनगरच्या छत्रपती कारखान्यापर्यंत चालली. ते दोघे तिथं वळले आणि सणसरच्या पुढं तिसरा भेटला. तो पार बिजवडीला, कर्मयोगीवर निघाला होता. म्हणजे आमचा सोबतीच.

गाडी पळत असली की समोरचा वारा रेडिएटर गार करतो. रांगत असली की सगळी भिस्त पंख्यावर, आणि जुन्या गाडीचा पंखा पट्ट्यावर चालतो. इंजिन जेवढं फिरेल तेवढाच तो फिरणार. अशा वेळी खालच्या गिअरला यावं, इंजिन मोकळं फिरू द्यावं, म्हणजे पंखाही फिरतो आणि पाण्याचा पंपही. पुढच्या ट्रॉलीपासून चार हात लांब राहावं, म्हणजे तिचा गरम धूर आणि पाचट आपल्या जाळीत येत नाही. थांबलंच तर न्यूट्रलला टाकून ॲक्सिलरेटर किंचित दाबून धरावा. मी काय करत होतो? ट्रॉलीच्या शेपटीला चिकटून, ताशी वीसनं, टॉप गिअरला.

"टॉपलाच राहू दे," आप्पा म्हणाले, "पेट्रोल वाचतं."

इंजिन खोकत होतं, धडधडत होतं. पण पेट्रोल वाचत होतं. आणि या पेट्रोलाचीही एक गंमत आहे. आता पंपावरच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातलं काही येतं उसापासून. म्हणजे ज्या उसाच्या मागं गाडी तापत होती, तोच ऊस गाडीच्या आतही जळत होता. पुढं ऊस, आत ऊस, दोन्ही बाजूंच्या रानांत ऊस. मध्ये आमची पद्मिनी चरकात सापडल्यासारखी. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नव्हत्या, त्या अधूनमधून दाबून बघाव्यात, असं मिस्त्री सांगत असतात. आम्ही पुष्कळ गोष्टी दाबून ठेवल्या. नळ्या तेवढ्या दाबून बघितल्या नाहीत.

लासुर्ण्याच्या आसपास वास यायला लागला.

"कारखान्याचा वास," आत्यानं नाकाला पदर लावला. आमच्या भागात हे एक बरं आहे. कुठलाही वास आला तरी तो कारखान्याच्या नावावर खपतो. मग बॉनेटच्या फटीतून पांढरं काहीतरी दिसायला लागलं. "धुकं पडलंय," आप्पा म्हणाले. मार्च महिना, दुपारचे सव्वाबारा. मी काट्याकडं पाहिलं. काटा थंड होता.

गाडी थांबली ती बरोबर जंक्शनला. रेल्वेगाडी तिथं आज थांबत नाही, पण गावाचं नाव जंक्शन. आणि वालचंदनगरला जायचा फाटा तिथूनच फुटतो. म्हणजे पद्मिनी नेमकी आजोळच्या वाटेवर अडून बसली होती. तिथून हाकेच्या अंतरावर, वालचंदनगरच्या कारखान्यात, इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटारींची आवरणं बनतात. आतल्या आगीवर ती तग धरतात. आमची मोटार साडेबाराच्या मुहूर्तावर तग धरत नव्हती.

आपल्याकडं थंड गाडीकडं कुणी ढुंकून पाहत नाही. बॉनेट उघडा, पाच मिनिटांत पंधरा माणसं. ती कुठून येतात हे कोडं आहे. समोर उसाचं रान असतं, त्यातून येत असावीत.

"पाव्हणं, झाकण उघडा आधी!" पहिला गडी म्हणाला आणि उघडायला हातसुद्धा घातला. कुकरची वाफ जिरल्याशिवाय झाकण काढणारी बाई अख्ख्या महाराष्ट्रात सापडायची नाही. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायला धावणारा पुरुष मात्र दर फाट्यावर सापडतो. खरं म्हणजे दोन्ही झाकणं एकाच तत्त्वाची. दर एक पौंड दाबामागं पाण्याचा उकळबिंदू सुमारे दीड अंशानं वर जातो. तेरा-चौदा पौंडांच्या झाकणाखाली पाणी शंभराऐवजी एकशेवीसच्या घरात उकळतं. दाब आहे तोवर ते शहाण्यासारखं पाणी म्हणून राहतं. झाकण निघालं की एका क्षणात वाफ होऊन थेट तोंडावर. हे सगळं मला तेव्हा सांगता आलं नसतं. आत्यानं एका वाक्यात सांगितलं. ती मागच्या खिडकीतून ओरडली, "अरे मेल्या, शिटी तर पडू दे!" गड्यानं हात मागं घेतला. त्याचा चेहरा वाचला तो आत्याच्या स्वयंपाकामुळं.

दुसरा कळशी घेऊन आला. "इंजनावर गार पाणी मारा." कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की काय होतं, हे आप्पांच्या पिढीला माहीत आहे. तापलेल्या धातूचंही तेच. हेड वाकतं, भेग जाते, आणि मग शंभर रुपयांच्या पाण्याच्या नळीचं दुखणं इंजिनाच्या कामावर जातं. कळशी आप्पांनी अडवली आणि त्यातलं पाणी पिऊन टाकलं.

तिसरे गृहस्थ बोलण्याआधी बराच वेळ इंजिनाकडं बघत राहिले. मग चष्मा काढला. नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगणाऱ्या मोठ्या डॉक्टरच्या आवाजात म्हणाले, "हेड गॅस्केट गेलंय." सौ.च्या डोळ्यांत पाणीच आलं. गॅस्केट गेलं असेल तर त्याच्या खुणा असतात: सायलेन्सरातून पांढरा धूर थांबत नाही, रेडिएटरात बुडबुडे येतात, ऑइलची पट्टी ओढून बघितली तर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. मी पट्टी ओढली. ऑइल कोऱ्या चहासारखं होतं. गृहस्थांना जरा वाईट वाटलं.

चौथा म्हणाला, "थर्मोस्टॅट काढून फेका. आपल्या हवेला लागत नाय ते." हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक गॅरेजात ऐकू येतं, त्यामुळं त्याच्याकडं परत येऊ.

पाचव्यानं ओला फडका मागितला आणि पेट्रोल पंपावर, म्हणजे गाडीतल्या छोट्या पंपावर, गुंडाळला. त्याचं औषध खरं होतं, रोगी चुकला होता. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत उन्हानं आणि इंजिनाच्या धगीनं नळीतल्या पेट्रोलाचीच वाफ होते. पंप वाफ ओढत बसतो आणि गाडी बंद पडते. तेव्हा पाणी उकळत नसतं, वाफ दिसत नसते, फडका ठेवून थोडं थांबलं की गाडी चालू. लोक तेव्हाही 'गाडी तापली' म्हणतात. आमच्या बॉनेटखाली मात्र गुऱ्हाळाची काहील रटरटत होती. तरी त्यानं फडका ठेवला. कुणाच्या तरी हातून काहीतरी व्हावं, या भावनेनं मीही ठेवू दिला.

सहावा एका जुन्या मारुती आठशेचा मालक. तो म्हणाला, "माझी तापायला लागली की मी हीटर लावतो." सगळे खो-खो हसले. मार्चच्या उन्हात, इंदापूर तालुक्यात, हीटर! बिचारा ओशाळला. पण पंधरा माणसांत बरोबर बोलणारा तो एकटाच होता. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर. तो पुरा सोडला की इंजिनाची थोडी उष्णता गाडीत येते आणि पाण्याचा भार हलका होतो. एसी बंद, हीटर चालू, काचा खाली, आणि नीट थांबायची जागा मिळेपर्यंत हळूहळू जायचं. त्यानं भिगवणहून बारामती एकदा अशीच मे महिन्यात गाठली होती. "गाडी गार राहिली," तो हळूच मला म्हणाला, "बायको तीन दिवस तापली व्हती."

सातवे बोललेच नाहीत. ते चहाच्या टपरीचे मालक, गळ्यात तुळशीची माळ, वय सत्तरीच्या पुढं. त्यांनी आमच्यासाठी चार चहा पाठवले आणि लाकडी बाकडं सावलीत ओढलं. मग आप्पांच्या शेजारी बसून म्हणाले, "दम खाऊ द्या तिला. म्हातारं माणूस हाय."

ते दरवर्षी तुकोबांच्या पालखीबरोबर जातात. हा रस्ताच पालखीचा. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला गोल रिंगण, मग अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर. "लाखानं माणसं चालत्यात," ते म्हणाले, "सत्तरीची, ऐंशीची. तापून पडल्यालं बघितलंय का कवा? दमल्यावर कुणी थांबत नाय वो. दमायच्या आधी विसावा आस्तो. पाणी तहान लागायच्या आधी पेत्यात." मग पद्मिनीकडं बघत म्हणाले, "हिला सकाळी पाणी दावलं व्हतं का?"

आम्ही दोघांनी चहात तोंड घातलं.

चाळीस मिनिटं थांबलो. मग वरची नळी हाताला सोसायला लागली तेव्हा गोणपाट टाकून झाकण पहिल्या आट्यापर्यंत सैल केलं, उरलीसुरली वाफ जाऊ दिली आणि नंतर काढलं. इंजिन चालू ठेवून डब्यातलं पाणी धार धरून सावकाश ओतलं. पाचही लिटर आत गेले. आमची गाडी पाण्यावर चालते असा आरोप आत्यानं केला, पण त्या दिवशी ती पाण्याशिवाय चालत होती, हे जास्त खरं.

इंदापूरला पोहोचलो तेव्हा साखरपुडा होऊन पंगत उठली होती. पण काय स्वागत झालं! मुलीकडचे, मुलाकडचे, मंडपवाले, सगळे भोवती. "कुठं तापली? जंक्शनला? गॅस्केट गेलं का?" नवरा मुलगा अंगठी घालून एकटाच खुर्चीवर बसला होता, त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. आप्पांनी ती कथा चार वेळा सांगितली. चौथ्या वेळी वाफेचे लोट वालचंदनगरपर्यंत दिसले होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी रेडिएटर उतरवला. जुन्या गाडीचा पितळी रेडिएटर. वरची टाकी डाख सोडवून काढता येते. ती काढल्यावर त्यांनी मला आत बघायला लावलं. बारीक-बारीक नळ्यांच्या तोंडांवर पांढरट पिवळा थर बसला होता. निम्म्या नळ्या बुजलेल्या. त्यांनी लांब पातळ सळई एकेका नळीतून घालायला सुरुवात केली. गॅरेजात याला रॉडिंग म्हणतात. दर वेळी सळई खसखसत जायची आणि खालून कपच्या पडायच्या. मुतखड्याच्या शस्त्रक्रियेला नातेवाइकाला आत उभं केल्यासारखं मला वाटत होतं. मिस्त्रींनी एक कपची उचलून माझ्या तळहातावर ठेवली.

"हे तुमच्या बोअरचं मीठ."

आमच्या घरच्या बोअरचं पाणी असं आहे की बादलीला कडं धरतं, गिझरचं कॉइल खातं, डाळ शिजू देत नाही. वीस-पंचवीस वर्षं तेच पाणी आम्ही गाडीला पाजत होतो. मग मला एकदम जमीन आठवली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा आमच्या भागात आला, रानं हिरवी झाली, ऊस आला. आणि पाणी आहे म्हणून देत राहिल्यानं, निचरा न बघितल्यानं, खालचे क्षार वर येऊन कितीतरी जमिनी चोपण झाल्या. पांढरा थर, वर काही उगवत नाही. आम्ही रेडिएटरही चोपण करून ठेवला होता. वरून भरपूर पाणी ओतत राहायचं आणि आत काय साठतंय ते बघायचं नाही, हे आमचं जुनंच शास्त्र.

बाकीच्या चुका मिस्त्रींनी ओळीनं काढल्या. पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबला तर अर्धा इंच झुकावा. आमचा पाळण्याच्या दोरीसारखा झुलत होता. खालची नळी आतून फुगून तिचा नरडा आवळलेला. झाकणाचं रबर कडक, म्हणजे दाब धरतच नव्हतं. रेडिएटरच्या पापुद्र्यांत पाचट, फुलपाखरं आणि गेल्या दसऱ्याच्या झेंडूच्या पाकळ्या. ते त्यांनी इंजिनाकडच्या बाजूनं बाहेर, साध्या नळाच्या धारेनं धुतलं. जोराच्या पंपानं धुतलं की पापुद्रे वाकतात. मग जाळीवरून हार, दिवे आणि आशीर्वाद असा सगळा मानसन्मान उतरवला. आशीर्वाद आता मागच्या काचेवर आहे. आई-वडिलांनी मुलांच्या पाठीशी असावं, वारा अडवू नये, असा आप्पांनी त्याचा अर्थ लावला.

थर्मोस्टॅटही निघाला. मिस्त्री म्हणाले, घरी नेऊन तपासा, मग ठरवू. मी तो पातेल्यात पाणी घेऊन गॅसवर ठेवला, बाजूला थर्मामीटर लावला आणि बसलो.

"अहो, दूध तापवताय का?"

"थर्मोस्टॅट."

सौ.नं पातेल्यात वाकून पाहिलं. पितळेची एक चकती दोऱ्यानं टांगलेली. "माझ्या दुधाच्या पातेल्यात?" तिनं विचारलं, आणि त्या आवाजाचं तापमान थर्मामीटरच्या बाहेरचं होतं. पण तेवढ्यात, ऐंशीच्या जरा पुढं, ती चकती हळूहळू उघडायला लागली. तिच्या पोटात मेण असतं. ते वितळून फुगतं आणि झडप ढकलतं. गाडी गार असताना झडप बंद, म्हणजे इंजिन लवकर ऊब धरतं. तापली की उघडी, म्हणजे पाणी रेडिएटरकडं. बंद अवस्थेत अडकला तर तो बदलायचा असतो. काढून फेकला की इंजिन अर्धवट ऊन अवस्थेतच धावतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइलात गाळ धरतो, झीज वाढते. दोघं वाकून बघत होतो. "उघडला गं," मी म्हणालो. "हो," ती म्हणाली, "आता पातेलं नवीन आणा."

मिस्त्रींनी बोअरच्या पाण्यावर कायमची बंदी घातली. आता निम्मं डिस्टिल्ड पाणी, निम्मं कूलंट. कूलंटनं पाणी उशिरा उकळतं, गंज धरत नाही आणि पंपाचंही आयुष्य वाढतं. एका रंगाचं दुसऱ्यात मिसळायचं नाही, आणि दोन वर्षांनी बदलायचं. उरलेलं कूलंट मी सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलं, हा माझा शेवटचा मूर्खपणा. रंग हिरवागार, चव म्हणे गोडसर, आणि जात विषाची. आत्यानं ती बाटली उघडून पेल्याला लावलीच होती. "खस दिसतंय," ती म्हणाली. मी ओरडलो तेव्हा तिनं खाली ठेवली. आता ते मूळच्या डब्यात, कुलुपात आहे आणि डब्यावर आप्पांच्या अक्षरात लिहिलंय: 'हे सरबत नव्हे.'

सगळ्यात शेवटी मिस्त्री डॅशबोर्डखाली शिरले. दोन मिनिटांत बाहेर आले. हातात एक निखळलेली तार. ती टोचून बसवली, गाडी चालू केली, आणि एकोणीस वर्षांची समाधी मोडून काटा हळूहळू उठला, मध्यावर येऊन थांबला. आप्पांना ते बघवलं नाही. "जिवंत होता," ते म्हणाले.

तेव्हापासून रोज सकाळी, गाडी गार असताना, मी बॉनेट उघडतो. पाण्याची पातळी, पट्ट्यावर अंगठा, नळ्यांना एक दाब, खाली फरशीवर डाग पडलाय का ते. फार तर पाच मिनिटं. सौ. म्हणते, एवढी विचारपूस तिची कधी केली नव्हती.

मे महिन्यात इंदापूरला त्याच मुलीचं लग्न होतं. पहाटे पाणी बघून निघालो. गळीत हंगाम संपलेला, रस्ता मोकळा. मी दर मिनिटाला काट्याकडं बघत होतो, सौ. दर मिनिटाला "अहो, समोर बघा" म्हणत होती. जंक्शनला मुद्दाम थांबलो, टपरीवर चहा घेतला, गाडीनं विसावा घेतला, तापायच्या आधी. इंदापूरला पोहोचलो तेव्हा बँडवालेही आलेले नव्हते. आम्ही पहिले.

मग हळूहळू मंडप भरला. लोक येत होते, नमस्कार करत होते, पुढं जात होते. मार्चमध्ये भोवती गोळा झालेल्यांपैकी एक जण जवळ आला. "काय, आज कुठं तापली?"

"नाही तापली," मी म्हणालो.

"अस्सं," तो म्हणाला आणि सरबताकडं गेला. दुसरा आला, त्यालाही तेच सांगितलं, तोही गेला. आप्पा माझ्या शेजारी गप्प बसले होते. समोर सहा रिकाम्या खुर्च्या. न तापलेल्या गाडीचं काय सांगायचं? सकाळी पाणी बघितलं, पट्टा दाबला, वेळेवर पोहोचलो. यात ऐकण्यासारखं एक वाक्य नाही. म्हणूनच ते कुणी करत नसावं.

तेवढ्यात तिसरा आला. "गाडी आणली का? तापली असंल!"

मी आप्पांकडं पाहिलं. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं.

"लासुर्ण्याजवळ जराशी तापल्यासारखी वाटली," मी म्हणालो.

"जराशी?" आप्पा सरसावून बसले. "अरे, काटा पार शेवटाला टेकला होता!"

चार खुर्च्या लगेच जवळ सरकल्या.